खवळलेल्या समुद्रात सर्फिंग: या चुका टाळा

मोठ्या लाटेची चटक लागलेल्या माणसाला समुद्र खवळला की घरात बसवत नाही. लाट मागून उचलते, बोर्ड वेगाने पुढे सुटतो, पोटात गोळा येतो, आणि त्या पाच-सात सेकंदांत दुसरं काहीही सुचत नाही. हा थरार खरा आहे आणि तो सोडा असं मी सांगणार नाही. पण कोकण-गोव्याच्या किनाऱ्यावर पावसाळी हवेत बोर्ड घेऊन उतरणाऱ्यांच्या बहुतेक चुका पाण्याला पाय लागण्याआधीच झालेल्या असतात.

वादळ म्हणजेच चांगली लाट, असं समजणं

सगळ्यात मोठी गफलत हीच. वारा पाण्यावरून वाहतो तिथे लाटा आखूड, उभ्या आणि एकमेकींत गुंतलेल्या असतात. त्याच लाटा शेकडो-हजारो किलोमीटर दूर गेल्या की त्यांच्यातला गोंधळ निवतो, लांब पल्ल्याच्या लाटा पुढे निघतात आणि ओळीने किनाऱ्याला येतात. सर्फर ज्याला स्वेल म्हणतात ती हीच. म्हणजे वादळ हवं, पण दूर हवं. पोर्तुगालमधल्या नाझारेला सेबास्टियन श्टॉइडनरने ऑक्टोबर 2020 मध्ये 26.21 मीटर उंचीची विक्रमी लाट पकडली. ती उत्तर अटलांटिकातल्या दूरच्या वादळांनी पाठवलेली होती आणि समुद्राच्या तळाशी असलेल्या खोल दरीने तिला किनाऱ्याजवळ उंच केलं होतं. शिवाय तिथे प्रत्येक सर्फरमागे जेट स्की आणि बचावाची माणसं तयार असतात.

आपल्याकडे जून-जुलैत वारा नैऋत्येकडून थेट किनाऱ्यावर येतो. लाट नीट उभी राहण्याआधीच तो तिला मोडतो. स्वच्छ लाटा हव्या असतील तर एप्रिल-मे किंवा पाऊस ओसरल्यानंतरचा काळ पाहा. दक्षिण महासागरातल्या वादळांची स्वेल तेव्हा अरबी समुद्रात पोचते आणि पहाटे जमिनीकडून येणारा मतलई वारा लाटेला सरळ उभं धरतो.

म्हणून अंदाज बघताना नुसती उंची बघू नका. दोन लाटांमधलं अंतर किती सेकंदांचं आहे ते बघा. दीड मीटर उंची आणि सहा सेकंद म्हणजे नुसता गदारोळ; दीड मीटर आणि चौदा सेकंद म्हणजे ताकदीची, नवख्याला पेलणार नाही अशी लाट. उंची दुप्पट झाली की लाटेतली ऊर्जा चौपट होते, हेही ध्यानात असू द्या. हैदराबादची इन्कॉइस ही संस्था रोज समुद्रस्थितीचा अंदाज देते आणि उंच लाटांचे इशारेही काढते. तो इशारा असेल त्या दिवशी बोर्ड घरीच राहू दे.

खाडीच्या मुखाशी उतरणं

खाडीच्या तोंडाशी वाळूचा दांडा असतो, त्यावर लाट सुंदर फुटते, म्हणून हिवाळ्यात ती जागा सगळ्यांना आवडते. पावसाळ्यात तीच जागा सर्वांत वाईट. नदीला पूर, वरून सुकती (ओहोटी) लागलेली, आणि समोरून स्वेल येत असली की बाहेर जाणारं पाणी आणि आत येणारी लाट समोरासमोर भिडतात. लाटा उभ्या होऊन कुठेही फुटतात आणि प्रवाह तुम्हाला बाहेर काढत राहतो. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला तो आणखी जोर धरतो; भांगाच्या दिवसांत (अष्टमीच्या आसपास, भरती-ओहोटी कमी असते तेव्हा) थोडा मंदावतो, इतकंच. गढूळ पाण्यात ओंडके, जाळ्यांचे तुकडे, गावातलं सांडपाणी असतं. दांडाही दर पावसाळ्यात सरकतो, त्यामुळे गेल्या मोसमातल्या खोलीवर भरवसा ठेवू नका.

गावातल्या मच्छीमाराला विचारा. पश्चिम किनाऱ्यावर 1 जून ते 31 जुलै यांत्रिक नौकांना मासेमारीबंदी असते आणि नारळी पौर्णिमेपर्यंत जुने कोळी होडी लोटत नाहीत. त्यांनी ‘आज नको’ म्हटलं तर वाद घालू नका. गोव्यात जीवरक्षकांचा लाल बावटा असेल तरीही तेच.

शांत पट्ट्याला सुरक्षित समजणं

दोन्ही बाजूंना फेस उसळतोय आणि मधला पट्टा सपाट दिसतोय, तर तिथूनच पाणी समुद्राकडे परततंय. ही ओढ सेकंदाला दोन मीटरपेक्षा जास्त वेग घेऊ शकते. तिच्यासमोर पट्टीचा पोहणाराही टिकत नाही.

तिच्यात सापडलात तर बोर्ड सोडू नका, तोच तुमचा तराफा आहे. त्यावर पालथे झोपा, श्वास सावरा, किनाऱ्याला समांतर पॅडल करा आणि फेसाळ पाणी आलं की त्याच्यासोबत आत या. दमला असाल तर तरंगत राहा आणि हात हलवून मदत मागा. किनाऱ्यावरच्या माणसाने पाण्यात उडी मारू नये. 112 किंवा तटरक्षक दलाचा 1554 लावावा आणि तरंगेल अशी वस्तू फेकावी.

एकटं जाणं, किंवा सोबत असून लक्ष नसणं

23 डिसेंबर 1994 रोजी कॅलिफोर्नियातल्या मॅव्हरिक्स इथे मार्क फू हा हवाईचा नामांकित सर्फर बुडाला. त्याने याआधी पेललेल्या लाटांच्या मानाने ती लाट फार मोठी नव्हती. पाण्यात आणि किनाऱ्यावर माणसं होती, तरी तो वर आलाच नाही हे बराच वेळ कुणाच्या ध्यानात आलं नाही. जोडी ठरवा, आणि प्रत्येक लाटेनंतर जोडीदाराचं डोकं दिसतंय ना, ते पाहा.

पडताना आणि पडल्यावर

- डोकं खाली करून सूर मारू नका. किनारा उभा असेल तिथे लाट गुडघाभर पाण्यात आदळते. मान मोडते ती इथेच.
- पाण्याखाली असताना हातांनी डोकं झाका आणि धडपडू नका, धडपडीत दम लवकर संपतो. वर येताना एक हात डोक्यावर ठेवा, बोर्ड वरच असू शकतो.
- लीशची (पाय आणि बोर्ड बांधून ठेवणाऱ्या पट्ट्याची) दोरी आणि वेल्क्रो आधी ओढून पाहा. घासलेली दोरी अशाच दिवशी तुटते.
- बोर्ड गेलाच तर त्याच्यामागे पोहू नका.
- गडगडाट ऐकू आला की लगेच बाहेर या आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास थांबा. मेमधल्या वळिवाच्या आणि ऑक्टोबरातल्या परतीच्या पावसात विजांचा धोका जास्त.

पाणी नाकातोंडात गेलं असेल आणि नंतर खोकला थांबेना, छाती भरून आली, दम लागू लागला किंवा गुंगी आली, तर ‘झोपलं की बरं वाटेल’ म्हणत बसू नका. हे त्रास काही तासांनीही सुरू होऊ शकतात. त्याच रात्री दवाखाना गाठा. खाडीच्या पाण्यात अंगावर जखम असताना उतरला असाल आणि पुढच्या काही दिवसांत ताप आला, पोटऱ्या दुखू लागल्या, तर डॉक्टरांना पुराच्या पाण्यात उतरल्याचं आवर्जून सांगा, कारण लेप्टोस्पायरोसिसची तपासणी त्यावरूनच सुचते.