गणितातला जुना पीएचडी थीसिस सापडत नाहीये? असं शोधा

पेपर वाचताना शेवटी रेफरन्समध्ये दिसतं, अमुक तमुक, पीएचडी थीसिस, १९६४, आणि तुम्हाला हवा असलेला लेमा (मोठ्या थिअरमच्या प्रूफसाठी वापरायचा छोटा निष्कर्ष) नेमका त्यातच. गुगलवर टाकलं तर काही येत नाही.

आधी मॅथेमॅटिक्स जीनिऑलॉजी प्रोजेक्ट ही वेबसाइट उघडा. नाव टाकलं की युनिव्हर्सिटी, वर्ष, थीसिसचं नाव, गाईड कोण हे बहुतेक वेळा मिळतं. डिग्री कोणी दिली तेच माहीत नसेल तर पुढची सगळी शोधाशोध फुकट. आपल्या टीआयएफआरचंच (मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था) बघा ना, ते डीम्ड युनिव्हर्सिटी झालं २००२ मध्ये, त्याआधी तिथे काम करणाऱ्या बऱ्याच जणांची डिग्री मुंबई युनिव्हर्सिटीची असायची, मग तो थीसिस टीआयएफआरच्या नावाने कितीही शोधा.

आणि थीसिसच हवाय का, हेही बघा. जॉन टेट या अमेरिकन गणितज्ञाचा प्रिन्स्टनचा १९५० चा थीसिस, इतका गाजलेला, पण छापून आला थेट १९६७ मध्ये, कॅसल्स आणि फ्रोलिश यांनी संपादित केलेल्या पुस्तकात. थीसिसमधलं काम असं पुढे दुसरीकडे छापलेलं असू शकतं, म्हणून झेडबीमॅथ या गणिताच्या पेपरांच्या ऑनलाइन सूचीवर (२०२१ पासून फुकट आहे) लेखकाचे थीसिसनंतरचे पेपर चाळा. मी एकदा एका थीसिसच्या मागे महिनाभर होतो, ईमेलवर ईमेल, शेवटी कळलं की तेच थिअरम त्या माणसाने पुढच्याच वर्षी पेपरात टाकलंय आणि प्रूफही जास्त सुटसुटीत. डोक्याला हात लावला.

तरीही हवाच असेल तर देश बघून शोधा. अमेरिकेतला असेल तर प्रोक्वेस्ट हा थीसिसचा डेटाबेस, तो पैसे मागतो पण तुमच्या कॉलेजकडे सबस्क्रिप्शन असू शकतं. ब्रिटिश लायब्ररीचं एथॉस हे थीसिसचं पोर्टल २०२३ च्या सायबर हल्ल्यात बंद पडलं, त्यामुळे इंग्लंडचं काही असेल तर सरळ त्या युनिव्हर्सिटीच्या रिपॉझिटरीत (ऑनलाइन संग्रहात) जा. फ्रान्समधले दोन महायुद्धांच्या मधल्या काळातले बरेच थीसिस नुमदाम या फ्रेंच गणिताच्या ऑनलाइन संग्रहात स्कॅन करून ठेवलेत, मस्त काम केलंय त्यांनी. रशियन असेल तर अख्खा थीसिस मिळणं अवघड, पण त्याच्याबरोबर एक छोटी सारांशाची पुस्तिका छापायचे, अवतोरेफरात म्हणतात, ती मागा, कधीकधी तेवढ्यावरही भागतं.

भारतातलं शोधगंगा या भारतीय थीसिसच्या वेबसाइटवर. तिथे थीसिस सहसा एका फाइलमध्ये अख्खा मिळत नाही, चॅप्टरप्रमाणे वेगवेगळ्या पीडीएफ असतात, सगळ्या उतरवून जोडत बसायचं. नाव आडनाव आधी, इनिशियल मागे, असं उलटसुलट करून बघा आणि गाईडच्या नावानेपण शोधा. जुने थीसिस सगळे चढलेले नाहीत.

स्टॅटिस्टिक्स किंवा डिझाइन थिअरीवाल्यांसाठी एक वेगळी जागा. आपले गणितज्ञ शरदचंद्र श्रीखंडे १९५० मध्ये अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनातल्या चॅपल हिलला आर. सी. बोस यांच्याकडे पीएचडी झाले, त्या काळातलं तिकडचं बरंच काम नॉर्थ कॅरोलायनाच्या इन्स्टिट्यूट ऑफ स्टॅटिस्टिक्सच्या मिमिओ सिरीज या रिपोर्टांच्या मालिकेत सायक्लोस्टाइल होऊन निघायचं, त्याचे स्कॅन नेटवर आहेत. तसंच दुसऱ्या डिपार्टमेंट्सचे टेक्निकल रिपोर्टपण चाळा.

काहीच नाही मिळालं तर लायब्ररियनला ईमेल. लांबण लावू नका: लेखक, वर्ष, थीसिसचं नाव, आणि "मला फक्त तिसरा चॅप्टर हवाय, स्कॅन मिळेल का, किती पैसे होतील?" अख्खा थीसिस मागितला तर कॉपीराइट मध्ये येतो, वीस पानांना सहसा कोणी नाही म्हणत नाही. लेखक हयात असेल तर त्यालाही लिहा, घरी कपाटात एक कॉपी असतेच.