भरतीच्या गाळण्या: एचआरमध्ये नव्याने येणाऱ्यांसाठी

कंपनीत सगळ्या थरांतली माणसं यावीत आणि टिकावीत, हे काम हाती आलं की नव्या एचआरचं लक्ष आधी पोस्टरकडे, व्याख्यानाकडे आणि महिला दिनाकडे जातं. ते नंतर बघता येईल. सुरुवात करा गेल्या वर्षीच्या अर्जांच्या एक्सेल शीटपासून. बरीच माणसं मुलाखतीपर्यंत पोचतच नाहीत, त्याआधीच्या अटींतच गळतात.

सगळ्यात जास्त गळती होते ती ‘दहावी, बारावी, पदवी सलग ६० टक्के, गॅप नको’ या ओळीत. बीडकडच्या ऊसतोड कुटुंबातलं पोर दिवाळीच्या सुमारास आईबापांबरोबर फडावर जातं, नाहीतर मागे राहून धाकट्या भावंडांना सांभाळतं. दहावीचे ५४ टक्के तिथून आलेले असतात. जात वैधता प्रमाणपत्र वेळेत हाती आलं नाही म्हणूनही कुणाचं वर्ष वाया जातं. दहावीनंतर पॉलिटेक्निक करून अभियांत्रिकीच्या थेट दुसऱ्या वर्षाला आलेल्या मुलाला तर बारावीच नसते. फॉर्ममध्ये बारावीचा रकाना सक्तीचा असेल, तर त्याचा अर्ज पुढेच सरकत नाही आणि हे कुणाला कळतही नाही.

हे तपासायला एक दुपार पुरते. शीटमध्ये एकेक अट वेगवेगळी लावून बघा, प्रत्येकीने किती अर्ज कापले ते मोजा आणि कापलेल्यांत कुठले जिल्हे, कुठली महाविद्यालयं जास्त आहेत ते पाहा. मग दहावी-बारावीचे टक्के काढून टाका आणि त्याऐवजी ४० मिनिटांची कामाची चाचणी ठेवा. दोन्ही गोष्टी एकाच दिवशी करायच्या. चाचणी तयार नसताना अट काढली, तर अर्जांचा ढीग पडतो आणि टीममधलं कुणीतरी गुपचूप जुनीच अट परत लावतं. चाचणी घरून, कॅमेरा चालू ठेवून घ्यायचा हट्टही नको. गावात वीज जाते, घरात वेगळी खोली नसते. महाविद्यालयाच्या लॅबमध्ये, दोन वेगवेगळ्या दिवसांचे पर्याय देऊन घ्या.

जाहिरात कुठे पोचते, हा पुढचा प्रश्न. रेफरलने, म्हणजे कर्मचाऱ्यांनी सुचवलेल्या ओळखीतून, माणूस लवकर मिळतो हे खरं, पण कर्मचाऱ्यांच्या ओळखी त्यांच्याच वर्गमित्रांत आणि नातलगांत असतात. त्यामुळे आधी जशी माणसं आहेत तशीच पुन्हा येतात. रेफरलमधून घ्यायच्या जागांवर एक मर्यादा आधीच ठरवून घ्या. कॅम्पसच्या यादीत पुण्या-मुंबईपलीकडची कराड, अमरावती, चंद्रपूर, यवतमाळ, जळगाव इथली शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयं घाला. तिथल्या प्लेसमेंट अधिकाऱ्यांना सातवं सत्र सुरू होतानाच फोन करा. बार्टी (अनुसूचित जाती), सारथी (मराठा-कुणबी), महाज्योती (ओबीसी, भटके-विमुक्त) आणि टीआरटीआय (आदिवासी) या त्या त्या समाजांतल्या मुलांसाठी काम करणाऱ्या शासकीय संस्थांनाही जागांची माहिती कळवा.

अर्ज चाळताना नाव, फोटो, गाव आणि शाळा हे रकाने लपवा. आपल्याकडे आडनावावरून जात आणि शाळेवरून घरची परिस्थिती ओळखायची सवय इतकी मुरलेली आहे की चाळणाऱ्याच्या स्वतःच्याही ते लक्षात येत नाही. ‘इतर उपक्रम’ हा रकाना वाचताना जास्त सावध राहा. तिथे काहीच लिहिलेलं नसेल, तर तो मुलगा ‘कमवा आणि शिका’मध्ये रोज काही तास राबत असण्याची शक्यता मोठी. रयत शिक्षण संस्थेत मुरलेली ही पद्धत अनेक विद्यापीठांतही आहे, पण त्यात काम केलेली मुलं ते बायोडेटात लिहीतच नाहीत, कारण त्याला अनुभव म्हणतात हे त्यांना कुणी सांगितलेलं नसतं. फॉर्ममध्ये सरळ विचारा: ‘शिकताना पैशांसाठी किंवा घरासाठी कोणतं काम केलं? आठवड्याला साधारण किती तास?’ शेतावरचं, दुकानातलं, घरातल्या आजारी माणसाचं, सगळं चालेल, हेही तिथेच लिहा.

मुलाखतीत सगळ्यांना तेच सहा प्रश्न, त्याच क्रमाने. ‘स्वतःबद्दल सांगा’ हा प्रश्न काढून टाका. त्याची तयारी करून घेणारे घरी किंवा क्लासमध्ये असतील, त्यालाच तो सोपा जातो. त्याऐवजी: ‘मशिनचं रीडिंग आणि रजिस्टरमधली नोंद जुळत नाही. शिफ्ट संपायला वीस मिनिटं आहेत. काय कराल?’ गुण कशाला, हेही आधी लिहून ठेवा. नुसतं ‘साहेबांना सांगेन’ म्हटलं तर १. रीडिंग पुन्हा घेतलं तर २. पुन्हा घेऊन मागच्या नोंदी ताडून पाहिल्या तर ३. एवढं करून पुढच्या शिफ्टला लेखी कळवलं तर ४. पॅनेलवरच्या प्रत्येकाने आपले गुण लिहून झाल्याशिवाय आपसात बोलायचं नाही, कारण वरिष्ठ एकदा बोलले की बाकीचे आकडे त्यांच्याकडे झुकतात. ‘आपल्यात बसणार नाही’ हा शेरा स्वीकारू नका. कोणत्या प्रश्नाला कमी पडला, ते लिहायला लावा.

इंग्रजीची परीक्षा वेगळी घ्या. कामाचे प्रश्न मराठीत, हिंदीत किंवा इंग्रजीत, उमेदवाराला सोयीचं असेल तसे. कामात इंग्रजी मेल लिहायचे असतील, तर पंधरा मिनिटांत एक मेल लिहून घ्या. अस्खलित बोलणं आणि कामाची समज यांची गल्लत झाली की मराठी माध्यमातली हुशार मुलं हातची जातात, आणि ही चूक पॅनेलवरची मराठी माणसंही करतात.

ऑफर दिल्यावरची गळती बहुतेक कंपन्या मोजतच नाहीत. समजा, उदगीरची मुलगी ५ तारखेला हिंजवडीत रुजू झाली. पगार महिनाअखेरीला. तोवर खोलीचं डिपॉझिट १०,०००, पहिलं भाडं ५,०००, मेस ३,५००, जाणंयेणं १,५००, गादी-बादली आणि ऑफिसचे कपडे ३,०००, म्हणजे पगाराआधीच २३,००० हातात हवेत. कंपनीच्या कटऑफनंतर, म्हणजे त्या महिन्याचा पगार काढायची यादी बंद झाल्यावर, रुजू झालेल्याला तर पुढच्या महिन्याच्या अखेरीपर्यंत थांबावं लागतं. मग घरचे सावकाराकडे जातात, नाहीतर मुलगी गावाजवळची कमी पगाराची नोकरी धरते. उपाय अवघड नाही. रुजू होण्याच्या आठवडाभर आधी २०,००० बिनव्याजी उचल द्या, पाच हप्त्यांत कापून घ्या आणि पहिला हप्ता दुसऱ्या पगारातून. ही सोय ऑफर लेटरमध्येच सगळ्यांसाठी छापा. मागावी लागली, तर गरजू माणूस संकोचाने मागत नाही. मुलाखतीला आलेल्यांचं एसटीचं भाडंही त्याच दिवशी यूपीआयने द्या.

रुजू झाल्यावर पहिले ९० दिवस जपायचे. नव्या माणसाला सोबती म्हणून त्याचाच साहेब देऊ नका, दुसऱ्या टीममधला दोन-तीन वर्षं झालेला माणूस द्या, म्हणजे पगारपत्रकात पीएफ का कापला, रजा कशी मागायची, मीटिंगमध्ये कळलं नाही तर काय करायचं, हे न लाजता विचारता येतं. कामाचं वाटपही बघा: ग्राहकाशी बोलायची कामं शहरी मुलांना आणि नोंदी भरायची गावाकडच्यांना, असं आपोआप होतं आणि दोन वर्षांनी बढतीच्या वेळी ‘हिला अनुभव नाही’ म्हटलं जातं. ‘पूर्ण नाव काय? मूळ गाव कुठलं?’ असं खोदून विचारणं आणि डब्यात काय आहे यावरून वेगळं बसवणं, हे दिसताक्षणी थांबवणं व्यवस्थापकाचं काम आहे. सोसणाऱ्याच्या तक्रारीची वाट पाहायची नाही.

कायद्याचा किमान भागही माहीत हवा. १० किंवा अधिक कर्मचारी असतील तर २०१३ च्या लैंगिक छळ प्रतिबंध कायद्याप्रमाणे प्रत्येक कार्यालयात अंतर्गत समिती लागते. अध्यक्ष वरिष्ठ महिला, निम्म्याहून कमी नाहीत इतक्या महिला सदस्य आणि एक बाहेरचा सदस्य. तक्रारीला तीन महिन्यांची मुदत आहे आणि सबळ कारण असेल तर ती आणखी तीन महिने वाढते. सफाईच्या, कंत्राटी महिलांनाही हे संरक्षण आहे, म्हणून समितीचा फलक मराठीत हवा. दिव्यांग हक्क कायदा २०१६ चा आहे आणि त्यात २१ प्रकारची दिव्यांगत्वं येतात. त्याखाली २० किंवा अधिक कर्मचाऱ्यांच्या खासगी आस्थापनेला समान संधी धोरणात सुविधा, योग्य पदं आणि संपर्क अधिकारी लिहावा लागतो. रॅम्पचा चढ १:१२ ठेवा, म्हणजे एक मीटर उंचीला बारा मीटर लांबी. १५ सेंटिमीटरच्या तीन पायऱ्या असतील तर ५.४ मीटर लांबी लागते. जागा कमी म्हणून दोन मीटरमध्ये उरकलेल्या रॅम्पवर व्हीलचेअर एकट्याने चढत नाही आणि उतरताना उलटते. तृतीयपंथी व्यक्तींसाठी २०१९ च्या कायद्याने तक्रार अधिकारी नेमणं बंधनकारक केलं.

मोजमाप ठेवताना जात थेट विचारण्यापेक्षा दहावीपर्यंतचं माध्यम, आईवडिलांचं शिक्षण आणि ‘तुम्ही १४ वर्षांचे असताना घरात मुख्य कमावणारी व्यक्ती काय काम करत होती?’ हे तीन प्रश्न विचारा. शेवटचा ब्रिटनच्या सोशल मोबिलिटी कमिशनने सुचवलेला आहे आणि इथेही चांगला लागू पडतो. उत्तर ऐच्छिक, साहेबांना न दिसणारं आणि कशासाठी हवं ते वर लिहिलेलं असावं. दहापेक्षा कमी माणसांच्या गटाचे आकडे बाहेर काढू नका, माणूस ओळखू येतो. अर्ज, चाचणी, मुलाखत, ऑफर, रुजू, एक वर्ष टिकले, बढती, असे सात रकाने करा आणि हा तक्ता अप्रेझलची (कामगिरीच्या मूल्यमापनाची) रेटिंग पक्की होण्याच्या आठवडाभर आधी विभागप्रमुखांपुढे ठेवा, म्हणजे त्यातलं काही बदलायला वेळ उरतो.