पुट्टी लागायच्या आधी भिंत वाजवून घ्या

सिव्हिलचा डिप्लोमा किंवा डिग्री घेऊन साइटवर आलात की बहुतेक वेळा प्लास्टरच तुमच्या गळ्यात पडतं. त्याला हलकं काम समजू नका. घर ताब्यात घेणाऱ्याला कॉलममधली सळई दिसत नाही, भिंत दिसते, आणि तो भांडतो भिंतीवरूनच.

प्लास्टरची जाडी आत १२ ते १५ मिमी, छताला ६ मिमी, बाहेर दोन थरांत २० मिमी, हे तुम्हाला पाठ असेलच. मी अडकलो ते वेगळ्याच ठिकाणी. ब्लॉकचं काम ओळंब्यात नसलं की थिय्ये, म्हणजे जाडी ठरवणारे मालाचे ठिपके, मारल्यावर एखाद्या कोपऱ्यात ३५-४० मिमी जाडी निघते. मिस्त्री तेवढा माल एका दमात चढवतो. ओला, जड थर खाली घसरायला लागतो. मग बिगारी घमेल्यात सुकं सिमेंट आणतो आणि मिस्त्री ते मुठीने भिंतीवर फेकतो. सिमेंट पाणी ओढून घेतं, माल ताठ होतो, पट्टी फिरते, आणि रंधा मारला की भिंत झकास दिसते. पण वरच्या पापुद्र्यात सिमेंट जास्त, आतला माल १:६ चा, म्हणजे एक भाग सिमेंटला सहा भाग वाळू. सुकताना वरचा जास्त आकसतो आणि आतल्यापासून सुटतो. आधी केसाएवढ्या भेगांचं जाळं येतं, मग थापीच्या दांड्याने ठोकलं की बद्द आवाज. आमच्याकडे हे उघडकीस आलं तेव्हा प्रायमरसुद्धा झाला होता. भिंती फोडल्या, बोलणी मी खाल्ली. मुकादम तोवर दुसऱ्या साइटवर.

म्हणून जाडी माल चढण्याआधी, थिय्यांवरच मोजा. २० मिमीच्या वर गेली तर दोन थर: पहिला खरवडून ठेवा, दुसरा तो घट्ट झाल्यावर. परांचीवर सुकं सिमेंट दिसलं की तिथेच काम थांबवा.

मिस्त्री म्हणेल, "साहेब, इतकी वर्षं हेच करतोय." घाबरू नका. मामा म्हणा, चहा पाजा, पण ऐकू नका. बाकी सगळं मात्र त्याच्याकडूनच शिका. सूत धरायला, गुनिया लावायला मला मिस्त्र्यांनीच शिकवलं. खाली उभं राहून "पुट्टीत निघून जाईल" म्हणणाऱ्या सिनियरचं मी आजही ऐकत नाही. रंगाआधीची पुट्टी एक-दोन मिमीची, ती काय झाकणार?

कॉलम आणि ब्लॉकच्या सांध्यावर दोन्ही बाजूंना १५० मिमी जाळी हवी, सिमेंट प्लास्टरला निदान सात दिवस पाणी हवं. जिप्सम प्लास्टरला पाणी मारावं लागत नाही, पण ते बाथरूममध्ये किंवा बाहेरच्या भिंतीला चालत नाही.

नजर बसायला वेळ लागतो, तो सगळ्यांनाच लागतो. तोवर पुट्टीवाला यायच्या आदल्या दिवशी खडू घेऊन प्रत्येक भिंत कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत ठोका. बद्द वाजेल तिथे गोल काढा, फोटो काढा, आणि तेवढा भाग फोडून पुन्हा करून घेतल्याशिवाय खोली पुट्टीला देऊ नका.