न्हावा शेव्याचा माल वाशीला पोचण्याआधी: जीएम-मुक्त प्रमाणपत्र, नमुना आणि चाचणी

वाशीच्या एपीएमसी बाजारात परदेशी सफरचंद, राजमा, चवळी किंवा मका आणायचा तर प्रत्येक खेपेबरोबर एक कागद लागतोच. माल बिगर-जीएम (जनुकीय बदल न केलेल्या) वाणाचा आहे आणि जीएम-मुक्त आहे, असं निर्यातदार देशाच्या सक्षम सरकारी यंत्रणेनं दिलेलं प्रमाणपत्र. एफएसएसएआयनं (केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणानं) 21 ऑगस्ट 2020 ला तसा आदेश काढला आणि 1 मार्च 2021 पासून तो लागू झाला. नकळत मिसळ झालीच तर तिची मर्यादा 1 टक्का. कागद नसेल तर माल सीएफएसमध्ये (बंदराजवळच्या कंटेनर यार्डात) अडकतो, आणि रीफर (थंड) कंटेनरचं भाडं व डेमरेज (माल वेळेत न उचलल्याचा दंड) रोज चढत राहतं.

हा कागद मागावा का लागतो, ते आधी समजून घ्या. जिवंत जीएम मालाच्या देशोदेशीच्या ने-आणीसाठी कार्टाजेना जैवसुरक्षा करार आहे. तो 11 सप्टेंबर 2003 ला लागू झाला आणि भारत त्यात आहे. पण अमेरिका, कॅनडा, अर्जेंटिना आणि ऑस्ट्रेलिया हे मोठे धान्य निर्यातदार त्यात नाहीत. करारातल्या देशांकडूनही खाण्याच्या धान्याच्या कागदावर कधी कधी ‘जीएम असू शकतं’ एवढंच मोघम येतं. त्यामुळे आपली चाळणी आपल्याच बंदरावर लावावी लागते. इनव्हॉइसवर असं मोघम वाक्य दिसलं तर शिपमेंट तिथेच थांबवा.

आधी यादी पाहा

आदेशात 24 पिकं आहेत: अल्फाल्फा, सफरचंद, कॅनोलाचे दोन प्रकार, बीन (राजमा वगैरे), चिकोरी, चवळी, वांगं, जवस, मका, खरबूज, पपई, अननस, प्लम, बटाटा, तांदूळ, करडई, सोयाबीन, स्क्वॉश, शुगरबीट, ऊस, सिमला मिरची, टोमॅटो, गहू. मसूर, किवी, संत्रं यात नाहीत, तेव्हा त्यांच्यासाठी हा कागद शोधत बसू नका. हा आदेश अन्नपिकांसाठी आहे. डबाबंद किंवा प्रक्रिया केलेल्या पदार्थांना त्याखालचं हे प्रमाणपत्र लागत नाही.

यादीतली सगळीच नावं नुसती सावधगिरी म्हणून घातलेली नाहीत. कापल्यावर काळं न पडणारं जीएम सफरचंद अमेरिकेत 2015 पासून मंजूर आहे. हवाईत जीएम पपई 1998 पासून बाजारात आहे. आपल्याकडे बीटी (जीएम) वांग्यावर फेब्रुवारी 2010 पासून स्थगिती आहे, पण शेजारच्या बांगलादेशानं ते 2013 मध्ये मंजूर केलं.

प्रमाणपत्र कसं तपासायचं

जहाज सुटण्याआधी निर्यातदाराकडून मसुद्याची प्रत मागवा आणि पॅकिंग लिस्ट शेजारी ठेवून ओळ न ओळ ताडून पाहा. मजकुरात तीन गोष्टी स्पष्ट हव्यात: माल बिगर-जीएम वाणाचा आहे, त्यात जीएम जीव नाहीत, आणि तो स्वतः जनुकीय बदल केलेला नाही. तिन्हींपैकी एक गळली तरी कागद अपुरा. मग पिकाचं नाव (शास्त्रीय नावासह असेल तर उत्तम), लॉट नंबर, कंटेनर नंबर, वजन, तारीख, शिक्का.

माल अडतो तो बहुतेक वेळा याच कागदावर. खाजगी प्रयोगशाळेचा रिपोर्ट किंवा व्यापारी संघटनेचं पत्र म्हणजे सरकारी यंत्रणेचं प्रमाणपत्र नव्हे. फायटोसॅनिटरी सर्टिफिकेटही चालत नाही. ते कीड-रोगासाठी, प्लांट क्वारंटाइनकडे द्यायचं, हे एफएसएसएआयकडे. दोन्ही वेगळे लागतात. दुबईमार्गे येणाऱ्या मालात माल जिथे पिकला तो देश आणि जिथून निघाला तो देश वेगळे असतात. अशा वेळी पिकवणाऱ्या देशाच्या यंत्रणेचा कागद सौद्यातच लिहून घ्या, नंतर तो मिळणं फार अवघड जातं. कंटेनर ऐन वेळी बदलला तर प्रमाणपत्रही नवं हवं. प्रमाणपत्राचा मसुदा सीएचएला (कस्टम्सचं काम पाहणाऱ्या एजंटला) दाखवा, तेही बिल ऑफ एन्ट्री (कस्टम्समध्ये भरायचं आयातीचं पत्रक) भरण्याआधीच.

नमुना: सगळा खेळ इथे

प्रयोगशाळा कितीही चांगली असली तरी चुकीच्या नमुन्यातून बरोबर उत्तर निघत नाही. न्हावा शेव्याला पोचल्यावर कस्टम्सच्या परवानगीशिवाय तुम्हाला कंटेनर उघडता येत नाही, म्हणून स्वतःच्या खात्रीसाठीचा नमुना तिकडे लोडिंग होतानाच सर्वेक्षकाकडून काढून घ्या. सुटा माल पट्ट्यावरून वाहत असताना ठराविक वेळानं घेतलेला नमुना सर्वांत विश्वासाचा.

पोती असतील तर हिशेब असा. 10 पर्यंत पोती असतील तर प्रत्येकातून. 10 ते 100 असतील तर कुठलीही 10. त्यापुढे एकूण पोत्यांचं वर्गमूळ, म्हणजे 1000 पोत्यांतून 32. पोती हमालांना सोयीची म्हणून दाराजवळची निवडू नका. थप्पीच्या आतली, खालची, मागची आली पाहिजेत. पोत्यात खुपसायच्या पोकळ नळीनं वर, मध्ये आणि तळाशी अशा तीन जागांहून दाणे काढा. सगळं स्वच्छ ताडपत्रीवर एकत्र करा, ढीग नीट कालवा, चार भाग करा, समोरासमोरचे दोन ठेवा, उरलेले बाजूला करा. हवं तेवढं वजन राहीपर्यंत हेच करत राहा.

किती दाणे लागतात? खेपेत खरोखर 1 टक्का जीएम दाणे असतील, तर त्यांतला निदान एक तरी 95 टक्के खात्रीनं हाती लागावा यासाठी 299 दाणे घ्यावे लागतात. 100च घेतले तर सगळंच निसटण्याची शक्यता 37 टक्के आहे. 0.1 टक्का पकडायचा असेल तर जवळपास 3000 दाणे लागतात. हे झालं नुसतं ‘आहे की नाही’ पाहण्यापुरतं. टक्केवारी मोजायची तर 10,000 दाण्यांचा नमुना द्या. मक्याच्या बाबतीत तो पावणेतीन ते तीन किलो भरतो. एवढा सगळा नमुना दळलाच पाहिजे. वाटीभर दाणे उचलून दळले तर मागची सगळी मेहनत वाया जाते, आणि नेमका हाच शॉर्टकट घेतला जातो. यात पैसे वाचवू नका.

नमुन्याचे तीन सीलबंद भाग करा: एक प्रयोगशाळेला, एक निर्यातदाराला, एक तुमच्याकडे. एफएसएसएआयचा अधिकारी सीएफएसमध्ये जो नमुना काढतो तो वेगळा. त्याचा एक भाग तपासणीला जातो आणि दुसरा फेरचाचणीसाठी राखला जातो.

प्रयोगशाळेला काय विचारायचं

रबाळे, महापे, तुर्भे पट्ट्यात चाचणी करणाऱ्या प्रयोगशाळा आहेत. नुसतं ‘एनएबीएल (प्रयोगशाळांची राष्ट्रीय मान्यता) आहे का’ विचारू नका. मान्यतेच्या व्याप्तीत जीएम चाचणी तुमच्या पिकासाठी लिहिलेली आहे का, ते कागदावर पाहा.

पहिली पायरी म्हणजे स्क्रीनिंग. बहुतेक जीएम पिकांत 35एस प्रमोटर (घातलेलं जनुक चालू करणारा डीएनएचा तुकडा) किंवा नॉस टर्मिनेटर (जनुकाचा शेवट दाखवणारा तुकडा) यांपैकी काहीतरी असतं, म्हणून पीसीआरनं (डीएनएच्या प्रती वाढवून तो ओळखणाऱ्या चाचणीनं) आधी ते शोधतात. पण 35एस मुळात फुलकोबीच्या मोझॅक विषाणूचा, आणि नॉस मातीतल्या अ‍ॅग्रोबॅक्टेरियमचा. मोहरी-कॅनोलासारख्या पिकाला त्या विषाणूची लागण असेल तर जीएम नसतानाही स्क्रीनिंग पॉझिटिव्ह येतं. म्हणून स्क्रीनिंगच्या निकालावर माल परत पाठवू नका आणि मोकळाही करू नका. पुढची, ठराविक जीएम वाण ओळखणारी इव्हेंट चाचणी मागा.

निगेटिव्ह निकालावर विश्वास ठेवण्याआधी पिकाचं स्वतःचं जनुक सापडलं का ते पाहा (सोयाबीनमध्ये लेक्टिन). तेच सापडलं नसेल तर चाचणी चाललेलीच नाही. सफरचंदाच्या गरातले पॉलिफिनॉल आणि पेक्टिन पीसीआर अडवतात. डीएनए दहापट पातळ केल्यावर सीटी (डीएनए दिसायला लागेपर्यंतच्या पीसीआर फेऱ्यांची संख्या) साधारण 3.3 नं वाढली पाहिजे. ती कमी वाढली तर अडथळा आहे, डीएनए पुन्हा शुद्ध करायला सांगा.

पिकागणिक पकडही बदलते. 100 नॅनोग्रॅम मक्याच्या डीएनएत जनुकसंचाच्या सुमारे 36,700 प्रती असतात, म्हणजे 0.1 टक्का म्हणजे 37 प्रती. गव्हाचा जनुकसंच अवाढव्य, त्यामुळे तेवढ्याच डीएनएत जेमतेम 5,900 प्रती येतात आणि 0.1 टक्का म्हणजे सहा. सहा प्रती एखाद्या नळीत येतील, एखाद्या नळीत नाही. गव्हासाठी डीएनए जास्त घेतला का आणि चाचणी किती वेळा केली, हे विचाराच.

टक्केवारी कशाची, वजनाची की डीएनए प्रतींची, हेही रिपोर्टवर लिहून घ्या. संकरित मक्याच्या जीएम दाण्यात बदललेलं जनुक सहसा एकाच पालकाकडून आलेलं असतं. दाण्यांत 1 टक्का मिसळ असेल तर प्रतींच्या हिशेबात ती अर्ध्या टक्क्याच्या आसपास दिसू शकते. मर्यादा 1 टक्क्याची असताना हा फरक क्षुल्लक नाही.

प्रथिन ओळखणारी पट्टी पाच-दहा मिनिटांत उत्तर देते, पण त्या एकाच प्रथिनापुरती. भाजलेल्या, उकडलेल्या मालावर ती भरवशाची नाही. रिफाइंड तेलात डीएनए जवळजवळ उरतच नाही, तिथे पीसीआरवर खर्च करू नका. जीएम सोयाबीनचं तेल आपल्याकडे येतं ते जीईएसी या केंद्र सरकारच्या समितीच्या मंजुरीवर, चाचणीवर नाही.

पॉझिटिव्ह आलं तर

इव्हेंट चाचणीत 1 टक्क्याच्या वर आलं तर गाळ्यावर माल पाठवायची घाई अजिबात नको. फेरचाचणीची मागणी दिलेल्या मुदतीत करा. तीही विरोधात गेली तर माल परत पाठवणं किंवा नष्ट करणं, तेही तुमच्या खर्चानं. सौद्यात हा खर्च निर्यातदारावर टाकणारं कलम आधीच असावं.

दाणा उगवणारा आहे का, यावर पुढचा धोका ठरतो. ऑगस्ट 2021 मध्ये सरकारनं 12 लाख टन जीएम सोयापेंड आणायला मुभा दिली, पण भरडलेली आणि तेल काढलेली, म्हणजे न उगवणारी; आणि न्हावा शेवा हे त्यासाठी नेमलेल्या पहिल्या ठिकाणांपैकी होतं. अख्खा मका किंवा कॅनोला मात्र फाटक्या पोत्यातून रस्त्याकडेला पडला की पहिल्या पावसात उगवतो. संशयित माल हलवताना ट्रकला ताडपत्री घट्ट बांधा, सांडलेले दाणे झाडून गोळा करून मोजा, यार्डच्या कडेला पावसाळ्यात उगवलेली रोपं फुलावर येण्याआधी उपटा. सांडणं मोठं असेल तर कलेक्टरच्या अध्यक्षतेखालच्या जिल्हा समितीला कळवा: उरण, पनवेल रायगडकडे, वाशी आणि तुर्भे ठाण्याकडे.

तुमच्याकडचा तिसरा नमुना ओल न लागता हवाबंद ठेवा, पिशवीवर लॉट आणि कंटेनर नंबर लिहा, आणि दळलेला व अख्खा दोन्ही राखा. या पट्ट्यातल्या पावसाळी दमटपणात मक्याला आठवड्याभरातही बुरशी येते, मग त्यातून काढलेला डीएनए तुटका निघतो आणि वादाच्या वेळी तो नमुना कोणी मानत नाही.