अरुंद बोळात रॉयल एनफिल्डची क्लासिक ३५० मोटारसायकल वळवता येत नसेल तर : माझा अनुभव

सदाशिव पेठेतला आमचा बोळ आठ फुटी. गाडी सात फूट लांब, पेट्रोलसकट १९५ किलो. आत गेली की वळत नाही, मागे ओढताना दारातल्या चढावर पाय सरकतो. डबल स्टँडवर फिरवली, तर शहाबादी फरशीचे टवके उडाले. कारचा जॅक इंजिनखाली लावला, तो तिरका झाला. फार वैताग आला होता.

शेवटी फॅब्रिकेटरकडून चाकांचा पाट करून घेतला. पत्रा जमिनीपासून इंचभरच वर, कडा उचललेल्या, चार कॅस्टर (सगळ्या दिशांना वळणारी चाकं) बाहेरच्या कोपऱ्यांना. चाकं तीन इंची रबरीच घ्या. छोटी नायलॉनची फरशीच्या सांध्यात अडकतात. निदान दोन चाकांना ब्रेक हवा.

क्रम असा : पुढचं चाक बाजूच्या भिंतीपासून दीड फुटावर, गाडी न्यूट्रलला. मागच्या चाकाखाली पाटाच्याच उंचीची हातभर लांब फळी, कारण स्टँडवर चढताना गाडी मागे येते. (मी आधी फळी घेतली नव्हती, स्टँड लागेचना.) पाट स्टँडखाली सरकवा, ब्रेक लावा, डबल स्टँड लावा. फळी काढा, ब्रेक सोडा. एक हात हँडलला, दुसरा मागच्या दांडीला. गाडी पुढच्या चाकाभोवती अलगद फिरते. उतरवण्याआधी पाटाचे ब्रेक लावा, फळी पुन्हा चाकाखाली ठेवा, मगच पुढे ढकला.