लांब सायकलिंगला शेंगदाणे, तीळ आणि खोबरं

संभाजीनगरहून दौलताबाद, खुलताबाद करत म्हैसमाळला सायकल नेली की परतीच्या वाटेवर पायातलं त्राणच जायचं. केळी, बिस्किटं खाल्ली की तेवढ्यापुरतं बरं वाटायचं, मग पुन्हा तेच.

स्नायू आणि यकृतात मिळून साखरेचा साठा साधारण 400-500 ग्रॅम, म्हणजे जेमतेम दोन हजार कॅलरी. चरबी मात्र सडपातळ माणसाच्या अंगातही किलोंनी असते आणि ग्रॅमला 9 कॅलरी देते; कर्बोदकं 4. फक्त चरबी मुख्य इंधन व्हायला वेग संथ लागतो. सोबत्याशी न धापता बोलता येईल, इतकाच.

म्हणून वेग कमी केला आणि शिदोरी बदलली. निघायच्या दोन-तीन तास आधी ज्वारीची भाकरी, जवसाची चटणी, त्यावर करडईचं कच्चं तेल. सोबत लाडू: शेंगदाणे, तीळ खमंग भाजायचे, सुकं खोबरं किसून परतायचं, थोडा गूळ आणि चिमूटभर मीठ घालून तेल सुटेपर्यंत कुटायचं. हाताला तेल लागलं की लिंबाएवढे वळायचे. चव अशी की घरातले डबा शिल्लक ठेवत नाहीत!

लाडू सपाटीवरच, थोडा थोडा खायचा. स्निग्ध पदार्थ पोटात रेंगाळतात. घाटात जोर लावताना खाल्ले तर मळमळतं. चढाला खजूर किंवा गूळच बरा, तिथे शरीर साखरच मागतं. आता परतीलाही पाय चालतात.

पित्ताशयाचा त्रास असेल त्यांनी मात्र आधी डॉक्टरांना विचारावं.