संस्थेची नोंदणी: वकिलाकडे काय सोपवावे आणि काय सोपवू नये

महाराष्ट्रात समाजकार्यासाठी संस्था काढू पाहणाऱ्याला पहिला सल्ला बहुधा असा मिळतो, की एखादा एजंट गाठावा, तो सह्या घेऊन पंधरा दिवसांत सगळे करून देतो. अनेक संस्थांची कागदपत्रे हाताळल्यावर माझे मत असे झाले आहे, की तज्ज्ञाची मदत जरूर घ्यावी. मात्र सही करण्यापलीकडे आपले काही काम नाही असे सांगणाऱ्याकडे जाऊच नये.

सर्वप्रथम माणूस पारखावा. १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली किमान ७ सभासद लागतात आणि महाराष्ट्रात तीच संस्था १९५० च्या सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियमाखालीही नोंदवावी लागते, म्हणून अशा संस्थेला दोन नोंदणी क्रमांक मिळतात. त्यांपैकी दुसरा 'एफ' या अक्षराने सुरू होतो. हे दोन क्रमांक कशासाठी, हे ज्याला सरळ सांगता येत नाही त्याच्यासमोरून उठून यावे. जिथे ही नोंदणी होते त्या धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयातील कामासाठी तिथे नियमित जाणारा वकील आणि प्राप्तिकराच्या कामासाठी सनदी लेखापाल, अशी दोन वेगळी माणसे असणे मला अधिक सुरक्षित वाटते. शुल्क टप्प्याटप्प्याने द्यावे.

खरी अडचण येते ती उद्दिष्टांपाशी. आमच्या अभ्यासिकेच्या संस्थेसाठी सल्लागाराने दुसऱ्याच कुठल्या तरी संस्थेची घटना, म्हणजे उद्दिष्टे आणि नियमांचा दस्तऐवज, उचलून, केवळ नाव बदलून आमच्यापुढे ठेवली आणि आम्हीही ती न वाचता सह्या केल्या. त्यात 'ज्ञातिबांधवांच्या पाल्यांना साहाय्य' असे एक कलम होते. देणगीदारांना करसवलत मिळवून देणाऱ्या प्राप्तिकर कायद्यातील ८०जी या मान्यतेसाठी अर्ज केला तेव्हा नेमके त्याच कलमावर बोट ठेवले गेले, कारण विशिष्ट धर्माच्या वा जातीच्या लाभासाठी असलेल्या संस्थेला ती मान्यता मिळत नाही. उद्दिष्ट बदलणे म्हणजे एक ओळ खोडणे नव्हे: रीतसर सूचना देऊन विशेष सर्वसाधारण सभा घ्यावी लागते, ठराव तीन पंचमांश मतांनी संमत व्हावा लागतो आणि महिन्याच्या अंतराने दुसरी सभा भरवून तो तेवढ्याच बहुमताने कायम करावा लागतो. सभासद पहिल्या सभेला उत्साहाने येतात. दुसऱ्या सभेसाठी मला घरोघर जावे लागले.

म्हणून उद्दिष्टे स्वतः, मराठीत, एका पानात लिहावीत आणि मगच वकिलाकडे न्यावीत. त्याने त्यांना कायद्याची भाषा द्यावी, आशय देऊ नये. 'जितकी उद्दिष्टे जास्त तितके चांगले, पुढे उपयोगी पडतात' हा सल्ला सर्रास दिला जातो आणि तो मला मुळीच मान्य नाही. अभ्यासिका चालवणाऱ्यांच्या घटनेत गोशाळा, वृद्धाश्रम आणि क्रीडासंकुल असले, तर तुम्ही नक्की काय करणार आहात हे विचारले जाणारच. संस्था बंद पडल्यास शिल्लक मालमत्ता सभासदांत न वाटता समान उद्दिष्टांच्या संस्थेकडे जाईल, हे कलम मात्र शोधून वाचावे. नसेल तर मसुदा परत करावा.

अर्ज भरणे, प्रतिज्ञापत्रे, जागेचे संमतिपत्र ही कामे वकिलावर निर्धास्त सोडावीत.

ऑनलाइन अर्जात मोबाइल क्रमांक आणि ईमेल मात्र संस्थेचाच द्यावा. सल्लागार सोयीसाठी स्वतःचा देतो आणि त्याच्याशी बिनसले की संस्थेला आलेली नोटीस संस्थेलाच दिसत नाही. प्राप्तिकराची पहिली नोंदणी तात्पुरती, ३ वर्षांची असते, तेव्हा ती पक्की करण्याचा अर्ज ठरलेल्या शुल्कात येतो की नाही हे आधीच लेखी घ्यावे. विश्वस्त बदलल्यास ९० दिवसांत चेंज रिपोर्ट, म्हणजे त्या बदलाची नोंद करून घेण्याचा अर्ज, धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात दाखल करावा लागतो. ती तारीख चिटणिसाने आपल्या वहीत लिहून ठेवावी, सल्लागाराच्या आठवणीवर सोडू नये.